भिंतीकडे झुकलेली रोपे

माराकाबेई,
८ मे २०२३

खोत्सो, आत्या.

आपल्याला शांती लाभो. आपण होऊन आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आजोबांच्या मातीला मी आले होते, पण तेव्हा भोपळे सोलणाऱ्या बायकांच्या मागे उभी होते. आपल्याला माझा चेहराही आठवणार नाही. मी खाउहेलो, आपल्या चुलतभावाची धाकटी मुलगी. ज्या कामाला आपण रामराम केला त्याच कामाविषयी प्रश्न घेऊन येणे, आणि तेही आपल्या लेकीच्या, न्थोफेलाताईच्या, दुःखाला अजून वर्ष झालेले नसताना, हे मलाच शोभत नाही. या पत्राचे तीन खर्डे मी फाडले आहेत.

शेतकी पदविका झाल्यावर मला इथे, औषधी गांजाच्या याच केंद्रात, काम मिळाले. फेब्रुवारीपासून खोली नंबर तीन माझ्याकडे आहे. ही खोली आपण उभी केलीत असे सगळे सांगतात. खताच्या टाक्यांवर अजून आपलेच अक्षर आहे. वीज रात्री स्वस्त म्हणून दिवे रात्री लागतात आणि दिवसभर खोलीत काळोख असतो, हे आपल्याला सांगायला नको. मला मात्र बाहेर लख्ख ऊन असताना मिट्ट काळोखात पाऊल टाकणे अद्याप अंगवळणी पडलेले नाही.

रोपे फुलोऱ्यावर आली आहेत आणि आजारी आहेत. खालची पाने पिवळी पडून गळतात. वरच्या पानांची टोके करपली आहेत. काही पानांवर गंजासारखे ठिपके आहेत. आणि उत्तरेच्या भिंतीशी, कोपऱ्यात जी रोपे आहेत ती भिंतीकडे झुकतात. दिवे डोक्यावर आहेत. भिंतीला खिडकी नाही, फट नाही. तरी झुकतात.

साहेबांनी सांगितले आहे की जूनअखेर खोली सुधारली नाही तर रोपे जाळून टाकायची, कोपऱ्यासकट जमिनीवर नवे काँक्रीट ओतायचे आणि तिथे शीतगृह करायचे. म्हणजे मलाही घरी जावे लागेल. साहेबांना विचारले की ते म्हणतात, "तू पहिली आलीस ना परीक्षेत? मग बघ पुस्तकात." पुस्तकात मी पाहिले आहे.

फोन फाटकावर जमा करावे लागतात, आणि तसेही फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पावाच्या गाडीचा चालक हे पत्र मासेरूपर्यंत आणि पुढे टॅक्सीवाल्यांच्या हातून मोयेनीपर्यंत पोहोचवीन म्हणाला आहे.

आपली आज्ञाधारक,
खाउहेलो


मोयेनी,
१७ मे

खोत्सो, पोरी.

तीन खर्डे फाडलेस. चौथाही फाडला असतास तर रोपं मेली असती आणि प्रश्नच मिटला असता. चेहरा आठवतो मला. भोपळ्याच्या साली नीट एकाखाली एक रचून ठेवत होतीस.

पिवळी पडतात म्हणजे कशी पडतात? अख्खं पान शिरांसकट पिवळं होत असेल तर नायट्रोजनची भूक. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम. खालून सुरू झालं म्हणजे रोप जुन्या पानांतलं काढून नव्यांना भरवतंय. आईबापांची रीतच ती. पण वर टोकं करपलीत, म्हणजे खत मुबलक आहे. एकाच घरात एकजण उपाशी आणि एकजण अजीर्णाने आजारी, असं का होतं? मुळांचं तोंड बंद असतं म्हणून. पाण्याचा सामू बघ, आम्ल किती चढलंय ते. आणि पाण्यात हात घालून बघ. मेमध्ये थंडी सुरू झाली की झऱ्याचं पाणी बर्फासारखं येतं, ते तसंच ओततेस ना? मुळं आखडतात. आधी रात्रभर टाकी खोलीत ठेव. खत अर्ध्यावर आण. गंजाचे ठिपके कॅल्शियमचे. पाणी ताळ्यावर आलं की तेही थांबतील. पडलेले ठिपके मात्र जाणार नाहीत. ते बघून रोज घाबरू नकोस.

शेंड्याची पानं हात जोडल्यासारखी उभी राहिली असतील तर दिवे वर घे.

साहेब पुस्तकात बघ म्हणतो, कारण त्याला स्वतःला ते पुस्तक उघडता येत नाही. हे पत्र टेबलावर ठेवू नकोस.

शांततेत राहा.
मा-न्थोफेला


माराकाबेई,
३० मे

खोत्सो, आत्या.

आपले पत्र मी इतक्यांदा वाचले की घडीवर ते फाटू लागले आहे. शिरा हिरव्या होत्या, म्हणजे मॅग्नेशियम. पाण्यात हात घातला तेव्हा बोटे बधिर झाली आणि माझीच मला लाज वाटली. आता टाकी आदल्या रात्रीच खोलीत आणते, सामू रोज मोजते, खत निम्मे केले आहे, दिवे साखळीच्या दोन कड्या वर घेतले आहेत. नवी पाने स्वच्छ, गडद येत आहेत. साहेब दारातून डोकावून गेले आणि काहीच बोलले नाहीत. इथे ही शाबासकी समजतात.

मात्र कोपरा तसाच आहे. माझ्या प्रश्नातला तेवढा भाग आपल्या नजरेतून निसटला असावा.

तिथल्या रोपांच्या फुलांमधून आता एकाच बोटाची, गुळगुळीत कडांची पाने फुटत आहेत, जणू रोप आपले वय विसरून पुन्हा लहान होऊ पाहते आहे. दोन फांद्यांवर केळ्याच्या घडासारख्या इवल्या पिवळ्या पिशव्याही सापडल्या. पराग उडू नये म्हणून मी हात ओले करून त्या खुडल्या. एक जरी फुटली तरी सगळ्या खोलीत बी धरेल आणि माल घेणारे तो परत पाठवतील. पुस्तक म्हणते, अशी रोपे काळोख मोडल्यामुळे होतात; झोपेत कुणीतरी त्यांच्यावर उजेड पाडते.

म्हणून काल भर दुपारी मी दार आतून चिकटपट्टीने बंद केले आणि काळोखात बसून राहिले. डोळे सरावल्यावरही स्वतःचा हात दिसला नाही. कुठे फट नाही, यंत्रांवरच्या बारीक लाल दिव्यांनाही मी काळा कागद लावला आहे. वीजतंत्री तेफोदादाला भिंतीच्या पलीकडे पाहायला सांगितले, तर तो म्हणाला, "बाई, पलीकडे डोंगर आहे. डोंगराला कधी दिवा लावलेला पाहिलास?" सगळे हसले. मीही हसले, पण त्याने भिंतीकडे एकदाही पाहिले नाही हे माझ्या लक्षात आले.

आत्या, काळोख कुठून मोडतो आहे?

खाउहेलो


मोयेनी,
५ जून

पोरी,

झुकतं ते काय झुकतं? शेंडा, की मधल्या फांद्या, की खालच्या? नीट बघून लिही. उजेड कुठल्या उंचीवर आहे ते रोप सांगतं. त्याला खोटं बोलता येत नाही.

मग त्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बस आणि फांद्या तुझ्या कुठे येतात ते बघ.

एकटी जाऊ नकोस. आत जाण्याआधी वायूच्या सिलिंडरची चावी स्वतःच्या हाताने बंद कर. कुणी केली म्हणालं तरी स्वतः कर.

मा-न्थोफेला


माराकाबेई,
११ जून

खोत्सो, आत्या.

आपण सांगितले तसे केले. शेंडे सरळ आहेत. ते दिव्यांकडे पाहतात. झुकल्या आहेत त्या खालच्या फांद्या, आणि त्याही सगळ्या एका दिशेने नाहीत. डावीकडच्या उजवीकडे वळल्या आहेत, उजवीकडच्या डावीकडे आणि समोरच्या सरळ भिंतीकडे. त्या सगळ्या एकाच जागी पाहतात.

सिलिंडरची चावी मी स्वतः बंद केली आणि तेफोदादाला दारात उभे केले. सकाळ उजाडली होती, पण दिवे अजून मालवले नव्हते. भिंतीला पाठ लावून मी जमिनीवर बसले. आत्या, ती जागा माझ्या कपाळासमोर आली. तिन्ही बाजूंची पाने तळहात पुढे करावेत तशी माझ्याकडे तोंड करून होती, जणू त्यांचा दिवा मीच आहे.

तेफोदादा म्हणाला, "तिथून ऊठ."

मी म्हटले, "का?"

"ऊठ म्हणतो ना. आधी ऊठ, मग सांगतो."

त्याने बाहेर, उन्हात नेऊन सांगितले. मला घरी एवढेच कळले होते की न्थोफेलाताई मासेरूच्या इस्पितळात वारली. ती इथे काम करत होती हे ठाऊक होते. या खोलीत, त्या कोपऱ्यात, त्या भिंतीला पाठ लावून बसलेली सापडली, हे कुणी मला सांगितले नव्हते. ठाऊक असते तर आपल्याला 'कोपरा, कोपरा' असे लिहीत राहण्याचा दुष्टपणा माझ्या हातून झाला नसता.

सिमेंटची पोती काल आली. फाटकाजवळ ताडपत्रीखाली रचून ठेवली आहेत. शनिवारी, २४ तारखेला ओतायचे असे साहेबांनी ठरवले आहे. महिनाअखेरपर्यंतही थांबणार नाहीत. मी माझ्या नोकरीसाठी हे लिहीत नाही. आता काय विचारावे तेच मला कळत नाही.

खाउहेलो


मोयेनी,
१५ जून

खाउहेलो, माझ्या बाळा,

तुझ्या पहिल्या पत्रातलं 'भिंतीकडे झुकतात' वाचलं आणि मी ते पत्र मडक्याखाली ठेवून दिलं. म्हटलं, पोरगी नवीन आहे, दिवे अधू असतील. तुला मॅग्नेशियम लिहिलं, कारण मॅग्नेशियम खरंच होतं. बाकीचं लिहायला हात उठला नाही.

आता उठलाय.

उजेड असताना रोपांना तो वायू, कार्बन डायऑक्साइड, लागतो, काळोखात लागत नाही. काळोखात चावी बंद हवी. त्या दिवशी उघडी राहिली. कुणाच्या हातून, ते कळलं नाही. त्याला वास नसतो. ती काळोखाच्या वेळी फुलं तपासायला आत गेली, जड वाटलं असेल, भिंतीला टेकून बसली. काळोखात हिरवा दिवा कपाळाला बांधून जायचं असतं, हिरवा रोपांना दिसत नाही म्हणून. तिचा हिरवा मोडला होता. ती माझा नेऊन बसली होती, स्वयंपाकघरातला. तो पांढरा.

सापडली तेव्हा तो कपाळावर जळतच होता. खालच्या फांद्या तेव्हाही अशाच वळल्या होत्या, बाळा. मी पाहिल्या आहेत. ती रोपं कापली. तू सांगतेस ती दुसरी रोपं आहेत, त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही.

माझी पहिली तीन मुलं राहिली नाहीत. म्हणून हिचं नाव न्थोफेला ठेवलं: नुसती वस्तू. मरणाने ऐकावं आणि नुसतीच वस्तू आहे म्हणून पुढे जावं, एवढ्यासाठी. चोवीस वर्षं गेलं बिचारं पुढे.

घराबाहेर जीव गेलेल्या माणसाला त्या जागेवरून घरी आणायचं असतं, हे तुला माहीत आहे. माती दिली म्हणजे माणूस आलं असं होत नाही. मी आणलं नाही. का, ते ऐक. मी त्याच दिवशी खांद्यावर काळं कापड घेतलं. काळं कापड घेतलेल्या बाईने उभ्या पिकातून जायचं नसतं, पीक कोमेजतं. माझी आई पाळायची, मीही पाळलं. म्हटलं, कापणी होऊ दे, रान मोकळं झालं की जाईन. कापणी झाली आणि त्याच आठवड्यात दुसरी रोपं लागली. मग तिसरी. ज्या खोलीत उन्हाळा-हिवाळा नाही, तिथे रान मोकळं कधी होणार? ती खोली मी उभी केली, आणि मलाच हे सुचलं नाही. मक्या-ज्वारीच्या हिशोबाने वाट बघत बसले. कापड उतरलं तोवर फाटकावर माझं नाव पुसलं होतं. साहेब म्हणाला, "म्मे, आई, आता तुम्ही बाहेरच्या."

ती मात्र वाट बघत बसली आहे. तिथे काँक्रीट पडलं तर कुठून उठायचं हे तिला कळणार नाही.

तू आमच्या कुळाची आहेस. तू जा. या पत्राबरोबर तिची घोंगडी पाठवते. काळोखात, सकाळी, त्या जागेसमोर बस. कुळाचं नाव घेऊन हाक मार. सांग, आई बोलावते आहे, घरी जायचं. घोंगडी उचल आणि नीघ. मग वळण येईल तिथे सांग, कोणता घाट, कोणती नदी, कुठे गाडी बदलायची. नाहीतर ती मागे राहील. टॅक्सीत तिची जागा घे. तिला मांडीवर बसवू नकोस, मोठी आहे. माझ्या दारात येईपर्यंत जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललीस तर ती तुला सोडून त्या माणसाबरोबर जाईल.

तू माणसांत बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला सांगते. तिला बडबडी माणसं कधी आवडली नाहीत.

आत्या


माफेतेंग टॅक्सी थांबा,
शुक्रवार, २३ जून

आत्या,

मला कुणाशी बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आमची गाडी अजून भरायची आहे. मोयेनीची आधीची निघते आहे, तिच्या चालकाच्या हाती ही चिठ्ठी देईन. आम्ही पोहोचण्यापूर्वी ती आपल्याला मिळावी.

सकाळी दिवे मालवले तसे मी आत गेले. तेफोदादाने पंखेही बंद केले. सिलिंडरची चावी मी दोनदा पाहिली. त्या जागेसमोर गुडघे टेकून, घोंगडी पसरून मी हाक मारली. पहिल्यांदा आवाज उमटला नाही. दुसऱ्यांदा उमटला, पण इतका बारीक की मला स्वतःचाच राग आला. तिसऱ्यांदा मी मोठ्याने म्हणाले, "मोताउंग कुळाची लेक, न्थोफेला, आई बोलावते आहे. घरी जायचे." माझा आवाज एवढा मोठा असेल अशी मला कल्पना नव्हती.

आत्या, पंखे बंद होते. पाने सळसळली. आधी भिंतीजवळची, मग त्यांच्या अलीकडची, मग माझ्या खांद्यापाशी. मी घोंगडी उचलली, आणि मागे न पाहता दाराकडे निघाले, आणि माझ्या दोन्ही हातांना पानांचा स्पर्श होत राहिला, जशी माणसे वाट देताना अंग चोरतात आणि तरी लागतात.

साहेबांनी रजा दिलेली नाही. मी मागितलीच नाही, कारण ते फाटकाशी भेटले तेव्हा माझे बोलणे बंद झालेले होते. ते म्हणाले, "कुठे निघालीस कामाच्या वेळी?" मी घोंगडी छातीशी धरून उभी राहिले. त्यांनी घोंगडीकडे पाहिले, मग डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला झाले. ताडपत्रीखालच्या पोत्यांकडे मी पाहिले नाही. उद्या ते ओततील की नाही, आणि माझे नाव फाटकावर राहील की नाही, हे मला ठाऊक नाही.

मी तिला सगळे सांगितले. हे लिकालानेंग गाव. हा मोलिमो-न्थुसे घाट, कानांना दडे बसतील. ही लेखालो-ला-बारोआची खिंड, इथून खाली मासेरू दिसते. गाडीतली माणसे आधी माझ्याकडे वळून पाहत होती. कॉलेजात फळ्यापुढे मी तोंडातल्या तोंडात बोलत असे. आज पंधरा माणसांत मी एकटी बोलत होते. चालकाने दोन जागांचे भाडे घेतले. मासेरूला एकाने रिकाम्या जागेवर कोंबड्यांची पिशवी ठेवली, तेव्हा मागून एक आजी ओरडल्या, "अरे ए, डोळे फुटले का तुझे? बाई बसलीय तिथे." त्याने पिशवी उचलली आणि रिकाम्या जागेची माफी मागितली.

त्याच आजी मग पुढे, त्या जागेच्या पलीकडे येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर तेलाचा कापलेला डबा आहे, त्यात कोबीची रोपे. लेकीच्या परसासाठी नेत आहेत. "तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "घोंगडी ओढून घे म्हणावं. थंडी वाजेल." मी तिला सांगितले. आजी हसल्या आणि मग बराच वेळ आपल्या सुनेच्या तक्रारी आम्हा दोघींना सांगत राहिल्या. मी उत्तर देऊ शकत नव्हते आणि ते त्यांना फार सोयीचे वाटले.

मासेरूला गाडी भरायलाच दुपार झाली होती, मग वाटभर ऊन आजींच्या बाजूच्या खिडकीतून येत होते. इथे माफेतेंगला उतरलो तेव्हा त्यांनी डबा क्षणभर माझ्या हातात दिला.

रोपे वाचायला आपण मला शिकवलेत. म्हणून जे पाहिले तेवढेच लिहिते. कोबीचे एकही रोप खिडकीकडे वळलेले नव्हते. सगळी आतल्या बाजूला झुकली होती, आमच्या मधल्या जागेकडे. आणि उंचीने ती माझ्या कपाळाएवढ्या एका बिंदूकडे मान वर करून होती.

आजींनी डबा घेतला, पाहिला, आणि फिरवून धरला नाही. तसाच ठेवला.

आता मोहालेस-हुक, मग पूल, मग आपला चढ. मी तिला सांगते आहे. पोहोचेपर्यंत अंधार पडेल. आत्या, दार उघडे ठेवा आणि घरातले सगळे दिवे मालवा. तिच्याजवळ तिचा आहे.

आपली,
खाउहेलो

मोयेनीच्या गाडीने रवाना: २३ जून २०२३, दुपारी २ वाजून ४० मिनिटे.